जनगणनेची घरयादी करताना: सोलापूरच्या पूर्व भागातला अनुभव

१४ जूनला महाराष्ट्रात जनगणनेचा पहिला टप्पा, म्हणजे घरयादीचं काम, संपलं. सोलापूरच्या पूर्व भागातला एक गट, म्हणजे घरयादीसाठी एका माणसाला वाटून दिलेला वस्तीचा तुकडा, माझ्याकडे होता. फेब्रुवारी २०२७ मध्ये दुसरा टप्पा आहे. त्यात माणसांची मोजणी होईल आणि माझ्यासारखे कितीतरी शिक्षक, ग्रामसेवक, महापालिकेचे कर्मचारी पुन्हा दारोदार फिरतील. काम हातात आलं तेव्हा मी बऱ्यापैकी घाबरले होते आणि कुणाला विचारावं ते कळत नव्हतं. शाळेत ज्यांनी २०११ ची जनगणना केली होती त्यातले बहुतेक निवृत्त झालेत. २०२१ ची कोरोनामुळे झालीच नाही. सोळा वर्षांचं अंतर पडलं की हाताखालून शिकण्याची साखळी तुटते. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवते आहे.

प्रगणक, म्हणजे घरोघरी जाऊन माहिती भरणारी, म्हणून नेमणुकीचा आदेश उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर आला. स्टाफरूममध्ये पहिला विषय नाव कसं कमी करून घ्यायचं हाच निघाला. कुणाचं बीपी, कुणाच्या मुलीची बारावी, कुणाला ऊन सोसत नाही. कारणं खोटी नव्हती. मलाही घरच्यांनी विचारलं, मे महिन्यात सोलापुरात दुपारी कुत्रंसुद्धा बाहेर पडत नाही, तू कुठं फिरणार? पण मी ज्या वस्तीत शिकवते तिथल्या मुलांच्या घरी नळ आहे का, स्वतंत्र संडास आहे का, किती जण एका खोलीत झोपतात, हे मला अंदाजानं माहीत होतं. कागदावर मात्र ते २०११ चंच होतं. पुढची दहा वर्षं पाणी, घरकुलं, शाळा, दवाखाने यांचं नियोजन ज्या आकड्यांवर होणार, ते आपल्याच मुलांच्या घरचे असतील तर ते आपण नीट गोळा करावेत, असं मला मनापासून वाटलं.

प्रशिक्षणात सगळ्यात जास्त वेळ व्याख्यांवर गेला आणि ते योग्यच होतं. या टप्प्यात ३३ प्रश्न आहेत. प्रश्न सोपे दिसतात, पण 'घर' कशाला म्हणायचं आणि 'कुटुंब' कशाला, हे डोक्यात पक्कं नसेल तर पहिल्याच वाड्यात गाडी अडकते. जनगणनेच्या हिशेबात घर म्हणजे इमारतीचा असा भाग ज्याला रस्त्यावरून, सामायिक अंगणातून किंवा जिन्यातून स्वतंत्र प्रवेश आहे. मग ते राहतं असो, दुकान असो, देऊळ असो नाहीतर बंद पडलेलं गोदाम. कुटुंब म्हणजे एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. एकाच छताखाली दोन भाऊ वेगळं रांधत असतील तर कुटुंबं दोन. रेशन कार्ड एकच असलं तरी दोनच. हा मुद्दा मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला होता आणि पुढे रोज उपयोगी पडला.

यंदा कागदी फॉर्म नाहीत, सगळं मोबाईल ॲपवर. ॲप इंटरनेट नसतानाही चालतं आणि नंतर माहिती वर पाठवता येते. आधी मला याचीच धास्ती होती, पण खरं तर तो सगळ्यात सोपा भाग निघाला. प्रशिक्षणात माझ्या शेजारी बसलेल्या, निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या सरांचाही हात दोन दिवसांत बसला. एकच सांगते: सरावाच्या वेळी आपल्या स्वतःच्या घराची माहिती भरून पाहा. कोणता प्रश्न ऐकायला कसा वाटतो ते तेव्हाच कळतं.

मग नकाशा घेऊन गटाच्या हद्दी पाहायला मी वस्तीत गेले. पूर्व भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. इथं पिढ्यान्‌पिढ्या तेलुगू बोलणारी पद्मशाली कुटुंबं आहेत, त्यांच्या भिंतीला भिंत लावून कन्नड, उर्दू आणि मराठी घरं. पुढच्या खोलीत यंत्रमाग, मागं स्वयंपाकघर. विड्या वळणाऱ्या बायकांच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेला पाला. एका बोळात शिरलं की खडखडाट सुरू होतो आणि मोठ्यानं बोलायची सवय लागते.

मी हातात मोबाईल धरून कोपऱ्यावर उभी राहिले, नकाशा आणि गल्ली ताडून पाहायला लागले, आणि पाच मिनिटांत चार जण भोवती. "अतिक्रमणवाले काय ओ ताई?" एका काकांनी विचारलं. मागून दुसऱ्यांनी ठरवूनच टाकलं, "रस्ता रुंद करणार आहेत." मी ओळखपत्र दाखवलं, जनगणना सांगितली. तेवढ्यात एक बाई म्हणाल्या, "लाडक्या बहिणीचे पैसे बंद करायला आलेत." त्या रागानं बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच भीती वाटत होती.

त्या संध्याकाळी मी वहीत लोकांच्या भीतीची यादी केली. घर पाडतील. योजनेचे पैसे जातील. पिवळं कार्ड जाईल. घरपट्टी वाढेल. भाडेकरू ठेवल्याचं कळेल. ओटीपी घेऊन बँक रिकामी करतील. आणि काही घरांत, नाव लिहून नेलं तर पुढे त्याचं काय करतील. यातली एकही भीती ॲपमधल्या कुठल्या रकान्यात बसणारी नव्हती, पण माझी सगळी उत्तरं तिच्यावर अवलंबून होती. घाबरलेला माणूस दार लावत नाही, तो 'हो हो' म्हणत चुकीचं सांगतो. आपल्याला वाटतं काम झालं.

म्हणून आधी बोलायचं ठरवलं. वस्तीतल्या दोन बचत गटांच्या ताईंना भेटले. त्यांनी समाजमंदिरात रात्री साडेआठची वेळ ठरवली, कारण त्याच्या आधी विड्यांचं काम आटपत नाही आणि नंतर मालिका सुरू होतात. तिथं मी जे बोलले त्यातलं बरंचसं कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीनं तेलुगूत सांगितलं. मी तीनच गोष्टी धरून ठेवल्या. एक, १९४८ च्या जनगणना कायद्यातल्या कलम १५ नुसार ही माहिती गोपनीय आहे. कुणाच्या नावाची नोंद दुसऱ्या कुणाला पाहायला मिळत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. दोन, आम्ही आधार, पॅन, बँकेचं पासबुक, कुठलाही कागद मागणार नाही. तीन, दारात येणारा प्रगणक तुमच्याकडे ओटीपी मागणार नाही. जो मागेल तो आमचा माणूस नाही, त्याला हाकला.

तिसऱ्या वाक्यावर सगळ्यात जास्त माना हलल्या. अलीकडे इथल्या कितीतरी जणांना फसवणुकीचे फोन येऊन गेलेत.

उर्दू बोलणाऱ्या गल्लीत मी वेगळी गेले. मशिदीच्या विश्वस्तांपैकी एका चाचांनी सगळं नीट ऐकून घेतलं, ३३ प्रश्नांची यादी मागितली, एकेक प्रश्न वाचला. धर्म या टप्प्यात विचारत नाहीत, जातीबद्दलही कुटुंबप्रमुख अनुसूचित जातीचा, जमातीचा की इतर एवढंच विचारतात, हे त्यांनी स्वतः पाहिलं. "छापून द्या, जुम्म्याला सांगतो," म्हणाले. मी यादीच्या झेरॉक्स काढल्या, मराठी आणि उर्दू दोन्ही. उर्दू शाळेतल्या एका सहकारी बाईंनी लिहून दिलं. प्रत एक रुपयाला पडली. संपूर्ण कामात मी केलेला सगळ्यात उपयोगी खर्च तोच.

१ ते १५ मे हा पंधरवडा स्वगणनेचा होता. म्हणजे कुटुंबानं स्वतः पोर्टलवर माहिती भरायची, मोबाईलवर ओटीपी येतो, नकाशावर आपलं घर दाखवायचं, प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि शेवटी एक ओळख क्रमांक मिळतो. प्रगणक घरी आला की तो क्रमांक सांगायचा. पोर्टल सोळा भाषांत आहे आणि आमच्या गल्लीत बोलल्या जाणाऱ्या चारही भाषा त्यात आहेत. तेलुगूत प्रश्न वाचताना एका आजोबांचा चेहरा असा खुलला की मला पुढच्या महिनाभराची उमेद मिळाली.

इथं एक गुंता झाला. समाजमंदिरात मीच सांगितलं होतं की ओटीपी कुणाला देऊ नका, आणि पोर्टल ओटीपी मागत होतं. लोक गोंधळले. मग गणपती मंडळाच्या मुलांना बसवून मी एकच नियम ठरवून दिला: फोन ज्याचा त्याच्या हातात. मुलं शेजारी बसून सांगतील, पण ओटीपी घरचं माणूसच टाकेल, मोठ्यानं वाचणार नाही. हा नियम मुलांनी मनापासून पाळला. रोज संध्याकाळी पारावर पाच-सहा जणं यायची. ओळख क्रमांक कॅलेंडरच्या मे महिन्याच्या पानावर लिहायचा असंही ठरलं, कारण फोनमधला मेसेज नंतर सापडत नाही आणि कॅलेंडर प्रत्येक घरात खिळ्याला असतं.

ज्यांनी स्वगणना केली त्यांतल्या काहींना वाटलं, आता कुणी येणारच नाही. प्रगणक तरीही येतो, माहिती तपासून घेतो. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर "एकदा भरलं की ओ, किती वेळा?" असं ऐकावं लागतं.

१६ मेपासून घरोघरी. दुसऱ्या दिवशी अधिक महिना लागला आणि तो थेट १५ जूनपर्यंत. म्हणजे माझं जवळजवळ सगळं काम धोंड्याच्या महिन्यात झालं. याचा एक फायदा झाला. लग्नाचे मुहूर्त नसल्यानं माणसं गावाला गेलेली नव्हती. अडचण अशी की मराठी घरांत लेकी-जावई वाणाला आलेले. "घरात किती माणसं राहतात?" विचारलं की सासूबाई कौतुकानं जावयासकट सगळ्यांना मोजत. घरयादीत नेहमी राहणारी माणसं धरायची असतात. जावई समोरच बसलेला असताना "यांना धरायचं नाही" म्हणणं कठीण जातं. मी प्रश्नच बदलला: "पाहुणे सोडून, एरवी रोज रात्री जेवायला किती ताटं?" बरोबर उत्तर यायला लागलं.

सगळ्यात मोठा धडा वेळेचा मिळाला. सकाळी ब्रँचला, म्हणजे विडी कारखान्याच्या शाखेत, वळलेल्या विड्या द्यायला बायका जातात. परत आल्या की स्वयंपाक, मग पाला भिजवणं, कापणं. पहिले दोन दिवस मी सकाळी नऊला गेले आणि कुलपं पाहून परत आले. पाण्याचा दिवस असेल तर विचारूच नका. सोलापुरात चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी येतं. ते ज्या वेळी येतं त्या वेळी राष्ट्रपती आले तरी कुणी बोलणार नाही, आणि ते बरोबरच आहे. मी बचत गटाच्या ताईंकडून गल्लीवार पाण्याचे वार लिहून घेतले आणि त्याप्रमाणे माझं वेळापत्रक लावलं. सकाळी साडेसहा ते आठ, मग संध्याकाळी साडेपाच ते नऊ. दुपारी घरी बसून दिवसाची माहिती तपासायची. यंत्रमागावर रात्रपाळी करणारे पुरुष दुपारी झोपलेले असतात, त्यांना उठवायचं नाही हेही त्यातच आलं. फेब्रुवारीत ऊन नसेल, पण पाण्याचे वार आणि पाळ्या असतीलच. नकाशाबरोबर हे वेळापत्रक आधी मिळवा.

आता प्रश्नांकडे येते. जमीन, भिंत, छत कशाचं, हे आपल्याला दिसतंच, तरी विचारावं. बाहेरून सिमेंट दिसणाऱ्या घरात आत शहाबादी फरशी आणि वर पत्रा असतो. पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत विचारला की "नळ" हे उत्तर लगेच येतं. पुढं थांबून "पिता कुठलं?" विचारलं की काही घरांत कोपऱ्यातल्या जारकडे बोट जातं. नळ आहे, पण चार दिवस साठवलेलं पाणी लहान मुलाला देत नाहीत. हा फरक नोंदला गेला पाहिजे, आणि तो दुसऱ्यांदा विचारल्याशिवाय कळत नाही.

यंदा एक नवा प्रश्न होता: घरात मुख्य धान्य कोणतं खाता? मला वाटलं होतं हा चुटकीसरशी सुटेल. पण सगळ्यात जास्त चर्चा याच्यावर झाल्या. सासरे म्हणणार ज्वारी, दुसरं काय. सून आतून म्हणणार, ज्वारी तुम्ही एकटे खाता, पोरं चपाती मागतात. तेलुगू घरांत भाताचं नाव आधी येई, मग रात्रीच्या भाकरीचं. रेशनला जे मिळतं त्यावरही बरंच अवलंबून. एका घरातल्या आजी हळहळून म्हणाल्या, "मंगळवेढ्याची ज्वारी घ्यायला परवडते कुठं आता?" मी घाई केली नाही. वेळ गेला तरी घरातल्या बाईला विचारूनच नोंद केली, कारण पीठ ती मळते.

विवाहित जोडपी किती आणि झोपायच्या-राहायच्या खोल्या किती, हे दोन प्रश्न एकापाठोपाठ येतात. एका खोलीत तीन जोडपी राहणाऱ्या घरात ते शेजाऱ्यांसमोर विचारू नयेत. आपल्याकडे दारात कुणी आलं की गल्ली गोळा होते. मी पहिल्या वाक्यातच सांगायचे, "काकू, आत बसून बोलू या का? हे फक्त तुमच्या घरचं आहे." गोपनीयतेचं कलम आपण सांगतो, तर ते पाळताना दिसलंही पाहिजे. जिथं भाषेची अडचण आली तिथं शेजाऱ्याऐवजी त्याच घरातल्या शाळकरी मुलाला दुभाषा केलं.

टीव्ही, दुचाकी, इंटरनेट, लॅपटॉप हे प्रश्न आले की चेहरे बदलतात. अंगणात गाडी उभी असते आणि उत्तर येतं, "ती भावाची आहे." प्रश्नांची उत्तरं देणं कायद्यानं बंधनकारक आहे. पण ते वाक्य मी एकदाही दारात वापरलं नाही. धाक दाखवला की माणूस खरं सांगायचं बंद करतो. त्याऐवजी मी थांबायचे आणि म्हणायचे, "या माहितीवरून कुणाचं कार्ड बंद होत नाही. गल्लीत किती गाड्या आहेत कळलं तर रस्ता किती लागतो ते कळेल." सगळ्यांना पटलं असा दावा नाही. बऱ्याच जणांना पटलं.

कायद्यातली एक तरतूद मला प्रशिक्षणानंतर स्वतः वाचताना सापडली आणि ती फार आवडली. नवऱ्याचं नाव सांगायची सक्ती कुठल्याही स्त्रीवर करता येत नाही. रूढीनं ज्याचं नाव घ्यायचं नाही असं दुसरं कुणी असेल तर तेही सांगायची सक्ती नाही. मला वाटलं ही जुन्या काळची गोष्ट. पण एका वाड्यात कुटुंबप्रमुखाचं नाव विचारल्यावर एका आजींनी पदर तोंडाला लावला आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. फोटोखाली नाव होतं, पण आजोबा दहा वर्षांपूर्वी गेलेले. मग "आता घरात मोठं कोण?" असं विचारत आम्ही पुढे गेलो.

असंच एका विडी कामगार अक्कांच्या घरी झालं. पत्र्याची एक खोली, पुढं ओटा. कुटुंबप्रमुख म्हणून त्यांनी मुलाचं नाव सांगितलं. मुलगा कुठं आहे? पुण्यात, कंपनीत, तीन वर्षं झाली. सणाला येतो. मी सांगितलं, जो इथं नेहमी राहत नाही तो इथला प्रमुख धरता येत नाही, त्याची नोंद पुण्यात होईल. इथं तुम्ही आणि तुमची नात. त्या सुपातला पाला बाजूला ठेवून थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मंग माझंच नाव घाला की. भाडं मीच देते, लाईट बिल मीच भरते." त्यांनी पूर्ण नाव सांगितलं, माहेरच्या आडनावासकट, आणि मी ते बरोबर टाइप केलंय का हे नातीकडून वाचून घेतलं. स्त्री कुटुंबप्रमुख असलेली घरं अशीच लपून राहतात, एक नाव पटकन सांगितलं जातं म्हणून. प्रगणकांनो, पुरुषाचं नाव आलं की तो इथं राहतो का एवढं जरूर विचारा.

भाडेकरूंची गोष्ट थोडक्यात सांगते. काही ठिकाणी मालकांनी आधीच बजावून ठेवलं होतं, भाडेकरू म्हणून सांगायचं नाही, घरपट्टी वाढते. मी मालकांना वेगळं भेटले. जनगणनेचा आणि घरपट्टीचा संबंध नाही हे त्यांना समजावलं. सगळे ऐकतात असं नाही. वर माडीवरच्या कुटुंबाचं दार मात्र चुकवू नका. वेगळा जिना, वेगळी चूल, म्हणजे वेगळी नोंद.

यंत्रमागाच्या शेडांनी सुरुवातीला मला फार गोंधळात टाकलं. पुढं माग, मागं बिऱ्हाड, दार एकच. पर्यवेक्षकांना फोन केला. राहणं आणि धंदा दोन्ही एकाच घरात असेल तर तशी नोंद करायची सोय ॲपमध्ये आहे. शेडला वेगळं दार असेल तर ते वेगळं घर. शंका आली की त्याच जागी उभं राहून विचारा, रात्री घरी जाऊन आठवत नाही. सहा प्रगणकांमागे एक पर्यवेक्षक असतो आणि आमचे पर्यवेक्षक फोन उचलायचे, हे माझं भाग्य.

मे अखेरीस बकरी ईद होती. त्या आठवड्यात मी उर्दू गल्लीत गेलेच नाही. ईदनंतर गेले तेव्हा चाचांनीच दोन मुलं बरोबर दिली, घरं दाखवायला. शीरखुर्मा रमजान ईदचा, पण या ईदलाही गोडाचं काहीतरी हातावर ठेवल्याशिवाय कुणी सोडेना. काही घरांत भाभींनी झेरॉक्सवर उत्तरं आधीच पेन्सिलीनं लिहून ठेवली होती. त्या गल्लीचं काम सगळ्यात लवकर आणि सगळ्यात नीट झालं.

बंद घरं मात्र शेवटपर्यंत पुरली. कुलूप दिसलं की लगेच 'बंद' करून पुढे जाऊ नका. शेजारी विचारा. एका घराचे मालक पुण्याला नोकरीला, शनिवारी रात्री येतात, रविवारी संध्याकाळी परत जातात. ते मला रविवारी सकाळी सापडले. दुसरं घर खरंच रिकामं होतं, वारसांमध्ये वाद. तिसऱ्यात म्हाताऱ्या आजी एकट्या राहतात, ऐकू येत नाही म्हणून दार उघडत नव्हत्या. शेजारची मुलगी खिडकीतून हात आत घालून खांद्याला स्पर्श करते तेव्हा त्यांना कळतं. ते घर दारावरून कुलूपबंदच वाटलं असतं.

खर्चाचं काही जणांनी विचारलं म्हणून लिहिते. पॉवर बँक माझ्याकडे नव्हती, नऊशेला घेतली. मोठ्या काठाची टोपी दीडशेला. पेट्रोल, झेरॉक्स, गुळपाणी आणि लिंबू वेगळं. उन्हात फोन तापून बंद पडतो, त्याला ओल्या फडक्यात गुंडाळू नका, सावलीत पाच मिनिटं ठेवा. रोजची माहिती रोज वर पाठवा. जूनच्या पहिल्या आठवड्यात वळवाचा पाऊस आला, रात्रभर वीज गेली, तेव्हा आदल्या दिवशीचं सगळं आधीच पोचलेलं असल्यानं मी शांत झोपले.

शेवटचे दोन दिवस फक्त तपासणीचे ठेवले होते आणि ते फार कामाला आले. नकाशावरची प्रत्येक इमारत आणि ॲपमधली नोंद जुळवली. एका बोळाच्या टोकाला पाण्याच्या टाकीमागं दोन पत्र्याच्या खोल्या होत्या, तिथं बांधकामावरचे मजूर राहत होते. गल्लीतल्या कुणीच त्यांचं नाव घेतलं नव्हतं, कारण "ते आपले नव्हेत." एका लहान मुलानं दाखवल्या म्हणून कळल्या. त्या घरांची नोंद त्याच रात्री केली, नऊ वाजता, टॉर्च लावून. कामासाठी आलेल्यांना वगळण्याची ही सवय वस्तीला असते, आणि त्यांना शोधायचं काम प्रगणकालाच करावं लागतं.

आता फेब्रुवारी. त्या टप्प्यात प्रत्येक माणसाची नोंद होईल आणि १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीचा, म्हणजे २८ फेब्रुवारी संपतानाचा क्षण हिशेबाला धरला जाईल. जातीची नोंदही याच टप्प्यात आहे. सगळ्या जातींची अशी गणना १९३१ नंतर पहिल्यांदाच होते आहे. त्यावर घराघरांत आत्तापासून बोलणं सुरू आहे. बचत गटाच्या ताईंनी मला विचारलं, आम्ही काय करून ठेवू? मी त्यांना सांगितलं ते इथंही लिहिते. मागच्या जनगणनांत वय, शिक्षण, मातृभाषा, काम, जन्म कुठला, इथं कधी आलात, हे विचारलं गेलं आहे. तेव्हा घरातल्या प्रत्येकाची ही माहिती एका कागदावर लिहून ठेवा. मातृभाषा घरात बोलता तीच सांगा, शाळेत शिकता ती नव्हे. विड्या वळणं हे काम आहे. "मी घरीच असते" म्हणू नका, रोज हजार विड्या वळणारी बाई घरी बसलेली नसते. तान्ह्या बाळाचं नाव ठेवलं नसलं तरी ते मोजायचं. आणि म्हाताऱ्या माणसांच्या वयाचा हिशेब आत्ताच घाला. आमच्या वस्तीत एका आजींना वय ठाऊक नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जात होत्या, थोरला कडेवर होता आणि लग्नाला तेव्हा चार वर्षं झाली होती, एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. त्यावरून सुनेनं आणि मी साल काढलं. तो कागद आता रेशन कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, आणि शेजारच्या तीन घरांतल्या म्हाताऱ्यांचाही हिशेब घालायचा म्हणून सुनेनं मला पुढच्या रविवारी बोलावलं आहे.